वन्संचं कपाट, यांची पाटी

पाटी पितळेची होती, वहीच्या पानाएवढी, आणि तिच्यावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. औषधवाल्यांनी ती मऊ कापडात गुंडाळून आणली होती. टेबलावर ठेवून त्यांनी कापड उलगडलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू आता मी डोळे पुसणार आणि त्यांनी मला धीर द्यायचा.

“वाचा ना, काकू.”

मी वाचलं. दुकानातलं औषधांचं कपाट ज्यांच्या कुशल हातांनी घडलं त्या थोर कारागिराच्या स्मरणार्थ, असा मजकूर, आणि खाली यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

ज्या हातांनी ते कपाट घडलं ते हात तेव्हा समोरच्या खुर्चीत मटार सोलत होते. ते हात माझ्या नणंदेचे. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची ही थोरली बहीण आणि मी, अशा दोन म्हाताऱ्या एका घरात राहतो. मी त्यांना वन्सं म्हणते, बाकी सगळे आक्का म्हणतात, आणि गल्लीतली माणसं त्यांच्या माघारी कानस म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी लागलेला माणूस थोडा तरी झिजूनच परततो.

“दुकानाचा सुवर्णमहोत्सव आहे,” औषधवाले म्हणाले. “रविवारी सकाळी छोटासा कार्यक्रम. पाटीवरचा पडदा काकू, तुमच्या हस्ते. चार शब्द बोला आठवणीचे.”

“आणि आक्का?” मी विचारलं.

“आक्का तर हव्यातच. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.”

“खुर्ची कोणी केलीय ते बघून बसेन,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. औषधवाले हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे.

ते गेले आणि मी बोलायला तोंड उघडलं. वन्सं म्हणाल्या, “सोललेले मटार आत ने आधी.”

मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथे सिस्टरांनी आम्हाला नीट अक्षर काढायला शिकवलं आणि राग गिळायला शिकवलं. अक्षर टिकलं. रागाचं मात्र काही जमलं नाही, आणि त्या दिवशी तर मला तो गिळायचाही नव्हता. वन्संच्या हातची दारं, खिडक्या, टेबलं गावभर होती. घरं पडली तशी तीही गेली. काही विकली गेली, काही चुलीत गेली. उभं राहिलं ते हे एकच कपाट. महिन्याकाठी मलम आणायच्या निमित्तानं त्या त्या दुकानात जातात आणि मलम घेण्याआधी दोन मिनिटं कपाटाच्या दारावरून हात फिरवतात. मलमाच्या ट्यूब घरात चार-चार पडलेल्या असतात. आणि आता त्याच कपाटाच्या कपाळावर दुसऱ्याचं नाव चढणार होतं. माझ्या नवऱ्याचं असलं म्हणून काय झालं?

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा, लाकूडकामाचा कारखाना घराच्या मागेच होता. दारावर पाटी होती: मामंजींचं नाव, आणि पुढे ‘आणि सुपुत्र’. सुपुत्र म्हणजे हे. सासूबाई लवकर गेल्या होत्या. वन्सं वडिलांना चहा न्यायला कारखान्यात जायच्या आणि कप रिकामा होईपर्यंत थांबायच्या. मामंजी चहा फार सावकाश पीत. मामंजींनी त्यांना शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी मुलाला शिकवलं. मुलगा खिडकीबाहेर बघत असे आणि मुलगी हाताकडे बघत असे.

एके दिवशी मामंजी बाहेरून आले तर वन्सं एका पेटीचं झाकण बिजागरीवर बसवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वन्संच्या हातात एक डिसमिस ठेवला. स्क्रू फिरवायच्या त्या हत्याराला कोणी पेचकस म्हणतात, कोणी स्क्रू ड्रायव्हर. कारखान्यात त्याला डिसमिसच म्हणत. मूठ शिसवीच्या तुकड्याची होती, वन्संच्या छोट्या पंजात बसेल अशी चपट-गोल घासलेली. शाबासकी म्हणा, कौतुक म्हणा, मामंजींकडून त्यांना मिळालं ते एवढंच.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वन्संनी माझ्यासमोर डिसमिसांची पेटी उघडली होती, इतर नणंदा दागिन्यांची उघडतात तशी. मी विचारलं, इतके कशाला? एकानं भागत नाही?

“तुझ्या पायात माझी चप्पल बसते का?” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक स्क्रू पकडीत आवळला आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेत एकेक डिसमिस घालून दाखवला. एक खाचेपेक्षा रुंद होता. तो फिरवला की कडेनं लाकूड खरवडणार. एक अरुंद होता. तो खाचेचे ओठ फाडणार. एक मापाला बरोबर वाटत होता, पण त्याचं टोक पाचरीसारखं निमुळतं होतं. “हा बाजारातला,” त्या म्हणाल्या. “जोर लावला की वर उसळतो. मूठ रंगीत आहे म्हणून लोक घेतात.” शेवटी त्यांनी आपला डिसमिस घातला. त्याचं टोक मामंजींनी कानशीनं दोन्ही बाजूंनी सरळ घासलं होतं. तो खाचेच्या तळाला जाऊन बसला आणि त्यांनी हात सोडला तरी तसाच ताठ उभा राहिला.

“डुगडुगला तर तुझा नाही,” त्या म्हणाल्या. “हे नवऱ्यालाही लागू आहे, पण तुला आता सांगून उपयोग नाही.”

यांनी एकदा त्याच डिसमिसनं पॉलिशच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं. टोकाचा कोपरा उडाला. वन्संनी तो पुन्हा घासून घेतला, आणि मग तो संपूर्ण पावसाळा यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवताना मला सांगत, “त्याला विचार, आमटी हवी का.” हे समोरच बसलेले असत.

एकदा वन्संना स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, मुलीला काय काय येतं? वन्सं म्हणाल्या, “बिजागरीवर दार टांगता येतं.” पुन्हा कोणी आलं नाही. त्यांनाही कोणी यायला नको होतं, असं त्या म्हणतात.

तर ते कपाट. आत्ताच्या औषधवाल्यांच्या वडिलांनी नवं दुकान काढलं तेव्हा भिंतभर कपाट सांगितलं. जुनं, कडक लाकूड, काचेची दारं, पितळी बिजागऱ्या. हे जाऊन मापं घेऊन आले. थोरल्या औषधवाल्यांबरोबर यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि ते काम आपण करणार असं सांगून आले. सांगण्यात हे पटाईत होते. मामंजींची नजर तोवर अधू झाली होती.

यांनी पहिलंच दार टांगायला घेतलं आणि पितळी स्क्रूचं डोकं मोडलं. दुसऱ्याचंही मोडलं. पितळ मऊ असतं. कडक लाकडात ते जबरदस्तीनं घुसवलं की मानेत तुटतं. मामंजींची रीत अशी होती की आधी बारीक भोक पाडायचं, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून आत न्यायचा, पूर्ण फिरवायचा, आटे पाडायचे, आणि काढून घ्यायचा. त्यानं केलेल्या वाटेनं मग पितळी स्क्रू नुसत्या मनगटावर आत जातो. हे सगळं यांना ठाऊक होतं. पण दोनदा तेच काम कोण करणार?

मामंजी म्हणाले, “बाजूला हो. तू स्टूल कर.”

औषधवाल्यांना वरच्या फळ्यांपर्यंत हात पुरायला स्टूल हवं होतं. यांनी ते केलं. स्क्रू हातोडीनं ठोकले. हो, स्क्रू, आणि हातोडीनं, खिळ्यासारखे. ठोकलेल्या स्क्रूचे आटे लाकूड फाडत जातात आणि धरत काही नाहीत, हे लाकडाला हात लावलेल्या कुणालाही कळतं. ते स्टूल पहिल्या दिवसापासून डुगडुगतं. आजही त्याच्या एका पायाखाली औषधाच्या खोक्याची घडी असते.

आणि कपाटाची सगळी दारं वन्संनी टांगली. प्रत्येक स्क्रूआधी पोलादी, मग पितळी. शेवटी प्रत्येक स्क्रूची खाच उभी, एका ओळीत, वरपासून खालपर्यंत, एकही तिरकी नाही. त्याची काही गरज नसते. दार तिरक्या खाचेनंही लागतंच.

कपाट दुकानात उभं राहिलं त्या दिवशी थोरल्या औषधवाल्यांनी चार लोकांसमोर यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, “काय हात आहे.” वन्सं खाली बसून फरशीवरचा भुसा भरत होत्या. हे हसले.

मी घरी येऊन विचारलं, “सांगितलं का नाहीत?”

“अगं, कारखान्याचं नाव एकच आहे. कोणी केलं याला काय अर्थ आहे?”

“काही अर्थ नसेल तर मग सांगून टाका, वन्संनी केलं म्हणून.”

हे पेपर वाचायला लागले. आमच्या संसारात जेव्हा जेव्हा उत्तर नसे तेव्हा तेव्हा पेपर असे. कालचाही चाले.

मी वन्संकडे गेले तर त्या माझ्यावरच उखडल्या. “तू कशाला मधे नाक खुपसतेस? कपाट उभं आहे ना?”

“तुमची गत त्या पोलादी स्क्रूसारखी झालीय,” मी म्हणाले. “वाट तुम्ही करायची आणि मिरवायचं दुसऱ्यानं.”

“पोलादी गंजतो, पितळी मोडतो,” त्या म्हणाल्या. “तू कोणाची वकिली करतेस ते एकदा ठरव.”

त्यानंतर मी हा विषय यांच्याकडे कितीदा काढला, त्याला गणती नाही. यांचा स्वभाव वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त हसायचे आणि थाप घ्यायचे. गप्प बसून एखाद्याचं सगळं आयुष्य उचलून नेता येतं, आणि वर लोक म्हणतात, किती शांत माणूस.

शनिवारी दुपारी औषधवाल्यांचा फोन आला. आवाज पार बसलेला. पाटी लावायला त्यांनी एक माणूस बोलावला होता, विजेचं मशीन घेऊन. मशीननं एक स्क्रू मोडला, दोन अर्ध्यात अडकवले, चौथं भोक रिकामंच सोडलं आणि मग माणूस दुसरं काम आहे म्हणून निघून गेला. “काकू, तुमच्या ओळखीचा जुना कोणी मिस्त्री आहे का? उद्या सकाळी लोक यायचेत.”

मी ‘नाही’ म्हणणार होते. वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. “येते,” म्हणाल्या आणि ठेवून दिला.

“वन्सं, तुम्ही तुमच्याच कपाटावर दुसऱ्याचं नाव ठोकायला निघालात?”

“ठोकणारा गेला,” त्या पलंगाखालून पेटी ओढत म्हणाल्या. “मी स्क्रूनं बसवते.”

मी वाटेभर बोलत होते. काय बोलले ते आता लिहीत नाही. अक्षर कितीही चांगलं असलं तरी काही शब्द कागदावर बरे दिसत नाहीत. वन्सं पेटी छातीशी धरून चालत होत्या आणि एकदाच म्हणाल्या, “धाप लागेल तुला.”

दुकानात गेलो. कपाटाच्या वरच्या पट्टीवर, अगदी मधोमध, पाटी एका बाजूनं लोंबकळत होती. वन्संनी चष्मा लावला. मशीनचं टोक स्क्रूवरून घसरून लाकडावर गेलं होतं. पट्टीवर बोटभर लांब, पांढरा, ताजा ओरखडा होता. वन्सं त्या ओरखड्यावर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या.

“पॉलिश मारलं की दिसणार नाही ना, आक्का?” औषधवाले म्हणाले. “तुम्हाला पॉलिशचं कळतं. बाबा सांगायचे, तुम्ही त्या वेळी भावाला मदत करायचात. पॉलिश वगैरे.”

“वगैरे,” वन्सं म्हणाल्या.

त्यांनी पेटी उघडली. अडकलेल्या स्क्रूंच्या फाटलेल्या खाचा करवतीच्या पात्यानं नव्यानं कापल्या. डिसमिस निवडला, खाचेत घालून पाहिला, ठेवून दुसरा घेतला. तो शिसवीच्या मुठीचा. अडकलेला स्क्रू त्यांनी आधी किंचित आवळला आणि मग सोडवला. आवळल्याशिवाय सुटत नाही, असं त्या म्हणतात. मोडलेल्या तुकड्याभोवती बारीक भोकं पाडून तो चिमट्यानं उपटला. मग चारही भोकांत त्याच जातीच्या लाकडाच्या खुंट्या, रेषेला रेष जुळवून, सरस लावून बसवल्या. पाटी त्यांनी काउंटरवर काढून ठेवली होती.

औषधवाल्यांच्या लक्षात आलं. “आक्का, तुम्ही भोकं बुजवताय. पाटी कुठे लावणार?”

“जिथली आहे तिथे. ते स्टूल इकडे आण.”

“स्टूल?”

“पाटीवर नाव कोणाचं आहे? माझ्या भावाचं. त्यानं या दुकानात काय केलं? स्टूल केलं. कपाट मी केलंय. दार न् दार मी टांगलंय. तुझ्या वडिलांनी थाप मारली तेव्हा मी याच फरशीवर भुसा भरत होते आणि तू गल्ल्यामागे उभा राहून गोळ्यांच्या बरणीत हात घालत होतास. आण ते स्टूल.”

औषधवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहत होते.

त्यांनी स्टूल आणलं. वन्संनी ते आडवं केलं, पुढच्या पट्टीवर मापं घेतली, भोकं पाडली. मेण. पोलादी स्क्रू आत, पोलादी स्क्रू बाहेर. मग पितळी. शेवटच्या फेरीला त्यांचं मनगट दुखलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या. पण चारही खाचा उभ्या राहिल्याच.

“मी उद्या लोकांना काय सांगू?” औषधवाले म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “पत्रिका वाटल्यात. हे बरं नाही केलंत, आक्का. ज्यांनी आयुष्यभर तुम्हाला सांभाळलं त्या भावाचं—”

“कोणी कोणाला सांभाळलं?” हे मी विचारलं. माझा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण एक गिऱ्हाईक दारातूनच परतलं. “काय सांगायचं ते कळत नसेल तर मी सांगते. तसंही मला चार शब्द बोलायला बोलावलंयत.”

आणि मी बोलले. रविवारी सकाळी आधी वन्संनी पटाशीनं खुंट्यांची वर आलेली डोकी तासली, कपाटाची पट्टी पुसली, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची हलवून बघून तिच्यावर बसल्या. पडदा औषधवाल्यांनी नाइलाजानं स्टुलावर घातला होता. मी तो ओढला. लोकांनी वाचलं, मग स्टुलाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मी म्हटलं, “हे कपाट माझ्या नणंदेनं केलं. माझ्या नवऱ्यानं हे स्टूल केलं. पाटी बरोबर जागी लागली आहे. आभारी आहे.” मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आपण एकटेच आहोत हे बघून थांबलं. दोघे-तिघे उठून कपाटाच्या बिजागऱ्या बघायला गेले, तेवढंच.

आम्ही घरी आलो. चपला काढताना वन्सं म्हणाल्या, “मेलेल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडलंस.”

“मी? पाटी कोणी लावली?”

“मी लावली. बोलले नाही.”

“तेच तर. एक बोलला नाही, एक बोलली नाही, आणि मधे मी इतकी वर्षं जळत राहिले.”

त्या पाणी प्यायला आत गेल्या. आतून आवाज आला, “डुगडुगतं तेही सांगायचं होतंस.”

मला वाटलं, इथे संपलं. औषधवाले दोन आठवड्यांनी येऊन गेले. नवी पाटी करू, आक्कांच्या नावाची, म्हणाले. वन्संनी सांगितलं, त्या लाकडाला पुन्हा भोक पडलं तर पाडणाऱ्यालाही पडेल. तो विषय मिटला. कपाटावर आज कोणाचंच नाव नाही. वन्संना तसंच हवं आहे. मला नको आहे, पण मला विचारतं कोण?

परवा मलम आणायला त्या गेल्या त्या जेवायच्या वेळेपर्यंत परतल्या नाहीत. मी शोधायला गेले. दुकानाच्या कोपऱ्यात स्टूल उलटं पडलं होतं आणि वन्सं फतकल मारून जमिनीवर बसल्या होत्या. ठोकलेले गंजके स्क्रू एकेक करून उपसून त्यांनी बाजूला ढीग केला होता. फाटलेली भोकं बुजवली होती. पेटीतून नवे स्क्रू काढून त्या पायात घालत होत्या, आधी पोलादी, मग पितळी.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“दिसत नाही? लोक त्यावर चढतात. त्याचं नाव आहे त्याच्यावर. नाव लावलेलं डुगडुगतं ठेवायचं का?”

त्यांनी स्टूल सरळ उभं केलं, तळव्यानं चारही कोपऱ्यांवर दाबून पाहिलं. हललं नाही. खोक्याची घडी उचलून त्यांनी कचऱ्यात टाकली.

म्हणजे आता स्टूलही वन्संनीच केलं आणि पाटी यांचीच राहिली. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्या डिसमिसचं टोक पुसून तो पेटीत ठेवत होत्या.

“हात दे,” म्हणाल्या. “उठता येत नाहीये.”

मी हात दिला. राग आहे तिथेच आहे.